सुई अडीच वळसे

सुई पूर्ण मिटवून अडीच वळसे उघडायची,
असं खोक्यातल्या कागदावर लिहिलंय.
उघडली. प्लग तापवला. पंख्याला काठीनं
एक टोला दिला, आणि आमोण्याच्या सड्यावर
मूठभर इंजिन जागं झालं,
असं फ्लाव्हिया म्हणाली.
मला दिसला फक्त धूर, एरंडेलाचा,
आणि विमान धरलेल्या हातातून चढत गेलेली गुदगुली.

एकतीस वर्षं बार्जच्या पोटात काढली मी.
खनिज वरती, मी खाली, मध्ये लोखंडी पत्रा.
त्या इंजिनांनी पगार दिला, दोन पोरींची लग्नं केली
आणि बारीक आवाज तेवढे कापून घेतले:
चिमण्या, कुकरची शिट्टी, घड्याळाचा गजर,
बायकोच्या वाक्यांची शेवटची अक्षरं.
जाड आवाज राहिलेत.
आणि हे मिनिटाला बारा हजार फेऱ्यांवर गातं म्हणे.

म्हणून शेजारच्या सेबेस्तियांवची नात.
वय नऊ. फी एक लिंबू सोडा, दोन बोलिन्हा.
ती जांभ्याच्या दगडावर बसते
आणि मला आवाज सांगते.

"आता गुळण्या करतोय."
म्हणजे इंधन जास्त. सुई जरा मिटव.
"आता डॅडाच्या स्कूटरसारखा."
अजून थोडी.
"आता रेघ. सरळ."
नाक आभाळाकडे धरलं, रेघ मोडली नाही.
सोडलं.

तीन मिनिटं काजूच्या मोहोरावरून,
मग नदीवरून, जिथे माझ्या ओळखीच्या बार्जी
नांगर टाकून गंजतायत.
मग तिनं बाही ओढली.
"अंकल, बारीक होतोय. डास. डासाहून बारीक."
आणि हात खाली टाकले. गप्प.
विमान करडाच्या गवतात.
दर वेळी. दर वेळी अर्धी टाकी शिल्लक.

प्लग बदलला.
पणजीहून नवं इंधन आणलं, उर्राकासारखा उग्र वास
(बायकोनं कॅन हुंगला, मग मला हुंगलं).
मागच्या झाकणाचे चार स्क्रू आवळले.
सुई उघडावी तर गुळण्या, मिटावी तर डास,
मधलं काही ऐकेना.
बार्जवर असलं इंजिन मी शिव्यांवर चालवलं असतं.
इथे पोर समोर.

"पोट भरलेलं असलं की बरा असतो," ती बोलिन्हा खात म्हणाली,
"अर्ध्यावर आला की रडतो. आमच्या आल्बर्टसारखा."
आल्बर्ट तिचा भाऊ. सात महिन्यांचा.
मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

टाकीचं बूच उपसलं. आतली मऊ नळी,
टोकाला पितळी वजन. दिसायला धड.
धुतली, डब्याच्या झाकणात पाणी ओतून त्यात बुडवली,
एक टोक चिमटीत दाबून दुसऱ्यातून फुंकलं.
काही नाही.
वाकवून फुंकलं.
"बुडबुडो!" ती ओरडली. "आनी एक!"

पितळेच्या धारेवर घासून घासून
सुईच्या टोकाएवढी चीर.
टाकी भरलेली तोवर चीरही इंधनात बुडलेली,
कुणाला पत्ता नाही.
पातळी उतरली की उघडी पडते
आणि इंजिन हवा प्यायला लागतं.
माझ्या कानांचंही पन्नाशीनंतरच कळलं,
तेही मला नाही, घरच्यांना.

नवी नळी कापली. धार कानशीनं मोडली,
जी पहिल्याच दिवशी मोडायला हवी होती.
सुई अडीच वळसे.

चौथं मिनिट. पाचवं.
मी विमानाकडे कमी, बाहीकडे जास्त बघत होतो.
"काय म्हणतो?"
"काही नाही, अंकल. तेच."
नदीच्या वळणावर ऊन होतं, विमान त्यात शिरून दिसेनासं झालं.
"आता?"
"तेच," ती म्हणाली, तोंडात बोलिन्हा.